रिकाम्या फ्लॅटमधलं स्कॅनिंग

नवा लॅपटॉप घेतला की माणूस दोन दिवस त्याच्या वासावरच खूश असतो. मग कळतं, आपलं जुनं काम काही त्याच्यावर चालत नाही. माझंही तेच झालं.

मी वाय-फाय तपासणीचं काम करते. हॉटेल, कारखाना, मंगल कार्यालय, कुठंही नेट अडखळलं की लोक मला बोलावतात. मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उभी राहते आणि हवेत कोण कोण बोलतंय ते ऐकते. त्यासाठी लॅपटॉपमधल्या वाय-फाय कार्डाला स्वतः गप्प राहून सगळ्यांचं ऐकायला लावावं लागतं. नवी कार्डं वेगाला भारी, पण त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, याला तयार नसतात. माझ्या कार्डाने तर सरळ कानांवर हात ठेवले. शेवटी पैठण गेटच्या बाजारातून बाहेरून लावायचा अडॅप्टर आणला, लिनक्स ही कार्यप्रणाली टाकली, ड्रायव्हरशी आठवडाभर भांडले आणि एकदाचं ते ऐकायला लागलं.

आता चाचणीला शांत जागा हवी होती. आमच्या भाड्याच्या घराभोवती इतकी नेटवर्कं की भाजी मंडई बरी. राजकुमार, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "पडेगावला चल की. तिथं अजून कुत्रंबी राहायला आलं नाय."

पडेगावचा फ्लॅट आमचा, पहिला स्वतःचा. दौलताबाद रोडपासून आत, नवी इमारत, अजून एकही बिऱ्हाड नाही. खोल्यांना रंगाचा वास होता, आणि रस्त्यावरून सीताफळवाल्यांच्या आरोळ्या अगदी बारीक ऐकू यायच्या. दुपारचं ऊन फरशीवर पसरलेलं असायचं. मला ते घर फार आवडायचं. आवडण्याचं आणखी एक कारण माझ्या पोटात होतं, पाचव्या महिन्याचं.

याआधी दोनदा आमची आशा मोडली होती. त्यामुळे यावेळी बाळाचा कपडालत्ता नाही, पाळणा नाही, नावाची तर गोष्टच नाही. लासूर स्टेशन गावाहून सासूबाईंचा, केसरबाईंचा, फोन यायचा. "आपण बाबासाहेबांची माणसं, असलं काय मानत नाय. पण बाई, नाव नगा काढू आत्ताच." आम्ही हसायचो, आणि ऐकायचो. मनात मात्र मी मुलीचं नाव ठेवून टाकलं होतं. संस्कृती. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं.

राजकुमार विज्ञानाचा मास्तर आहे, आणि त्याला एक खोड आहे. घरात जो राहतो त्याचं नाव तो वाय-फायला देतो. कॉलेजात असताना 'राजकुमार एकटा', लग्नानंतर माझं नाव जोडून 'राजकुमार-सुलेखा'. लासूरच्या घराचं 'बापू-आई' होतं. सासरे वारले त्या आठवड्यात त्याने ते नुसतं 'आई' केलं. मला ते जरा कठोर वाटलं होतं. तो म्हणाला, "खोटं कशाला लिहायचं?"

तर त्या दुपारी तो पडद्यांसाठी खिडक्या मोजत होता आणि मी हॉलमध्ये भिंतीला टेकून बसले. स्कॅन सुरू केलं. हवा जवळजवळ रिकामी होती. दूरच्या एका दुकानाचं नेटवर्क, आमचे दोन फोन, आणि एक चौथं यंत्र.

ते हाक मारत होतं. काही जुने फोन असं करायचे: ओळखीचं वाय-फाय सापडलं नाही की त्याचं नाव घेऊन विचारत राहायचे. आणि फोन त्याच वाय-फायला हाक मारतो, जे त्यात आधी कधी तरी भरून ठेवलेलं असतं.

लॅपटॉपच्या पडद्यावर लिहिलेलं होतं: राजकुमार-सुलेखा-संस्कृती.

मी एकेक अक्षर तपासलं.

"फोन बंद कर रे," मी म्हटलं.

"का गं?"

"कर तर."

त्याने केला. मीही माझा केला. दोन्ही यंत्रं पडद्यावरून गेली. चौथं विचारतच राहिलं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुलगी झाली तर काय ठेवायचं, काही डोक्यात आहे का तुझ्या?"

"मुलगा झाला तर सम्यक. मुलीचं तू बघ." मग जीभ चावून म्हणाला, "आईला सांगू नको, मी नाव काढलं म्हणून."

मी लॅपटॉप मिटला.

घरी जाऊन सगळं पुसलं. कार्यप्रणाली नव्याने टाकली, दुसऱ्या कंपनीचा अडॅप्टर आणला, ड्रायव्हर बदलला. काही तरी जुनी माहिती चुकून दिसत असेल, असं धरून चालले. माझ्या कामात नव्वद टक्के भुतं ड्रायव्हरची असतात. पुढच्या रविवारी रिक्षाने एकटी पडेगावला गेले. जुना लॅपटॉपही नेला. जुन्याला काहीच ऐकू आलं नाही. नव्याला पहिल्या मिनिटातच तीच हाक ऐकू आली.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. ती येणार. आपल्या घरात मोठी होणार, हातात फोन धरण्याएवढी होणार. मी रिकाम्या हॉलमध्ये बसून पोटभर रडले आणि मग डब्यातला उपमा खाल्ला.

मग ते यंत्र आहे कुठं, ते शोधायला निघाले. सिग्नल जिथं जोरात, तिथं यंत्र. हे तर माझं रोजचं काम. स्वयंपाकघर, गॅलरी, जिना, गच्ची. सगळीकडे सारखाच. लॅपटॉप ओट्यावर ठेवून दूर गेले की कमी व्हायचा.

मांडीवर घेतला, की सगळ्यात जोरात.

मी हात पोटावर ठेवला. आत ती हलली.

पडद्यावरची हाक थांबली.

सीताफळवाल्याची आरोळी आली आणि गेली. मग हाक परत सुरू झाली, तेवढ्याच जोरात, तेवढ्याच जवळून.

राजकुमार-संस्कृती.

मी पुन्हा वाचलं. उन्हाची तिरीप पडद्यावर होती म्हणून लॅपटॉप वळवून वाचलं.

नंतर ती एवढंच म्हणत राहिली.

त्याला महिना झाला. डॉक्टर म्हणतात, बाळ उत्तम आहे, आईही उत्तम आहे, दोघांचे रिपोर्ट दृष्ट लागण्यासारखे. मला ते पटतं. आम्ही पडेगावला राहायला आलो, केसरबाईही आल्या आहेत. सकाळी गॅलरीत चहा घेताना मी सुखी असते, अगदी खरोखर.

संध्याकाळी मी राजकुमारला वेणी घालायला शिकवते. नेटवर्कच्या केबलच्या तीन तारा खिडकीच्या गजाला बांधून दिल्यात. त्याला मधला पेड धरून ठेवताच येत नाही.

काल वैतागून म्हणाला, "लई अवघड काम हाय हे. तू आहेस की वेणी घालायला."

मी तारा सोडवल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

"पुन्हा घाल," म्हटलं. "ओढू नको. तिला दुखेल."