जातानाचा मफलर

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात लोकरीचा मफलर घालण्याइतकी थंडी वर्षातून चार दिवस पडते. त्यातले दोन दिवस लोक ती पडली की नाही यावर वाद घालतात. तरी मनालीने मफलर विणायला घेतला, कारण तो गळ्यात घालायचा नव्हताच. तो द्रौपदीआत्याला बोटांनी वाचायचा होता.

आत्याने उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या जीन्सच्या कारखान्यात सव्वीस वर्षं धागे कापले. मग साखरेने तिचे डोळे नेले. अंबरनाथजवळ चिखलोलीला, चौथ्या मजल्यावरच्या घरात दोघीच. डॉक्टरांनी जिना बंद केलेला, आणि लिफ्ट बिल्डरने अजून सुरू केलेली नव्हती. आत्या खुर्चीत बसून एकच धोशा लावायची, "मला एकदा कॅम्प चारला सोड गं. बघून येते."

"बघून?"

"बरं, वास घेऊन येते. झालं?"

मनाली त्याच कॅम्प चारमध्ये कापडाच्या दुकानात कामाला होती. रोज शेअर रिक्षा, अंबरनाथला बदलून दुसरी. मांडीवर लोकर, हातात सुया, आणि नियम एकच: रस्त्यात जे येईल ते सुईवर. चिखलोलीचा उखणलेला रस्ता म्हणजे एक उलट एक सुलट, नुसते दाणे. स्पीडब्रेकर म्हणजे उलट टाक्यांचा उंचवटा. वळणाला वेणी. कारखान्यांच्या पट्ट्यात लोक नाक धरतात, तिथे जाळी.

"ताई, माझा स्टँड पण घे त्यात," जयदेव रिक्षावाला आरशातून म्हणायचा. "तीन सीट भरल्याशिवाय मी हलत नाय, ते पण येऊ दे."

तिने तेही घेतलं. सहा ओळी, काहीच न घडणाऱ्या.

पहिल्या रविवारी दुपारी आत्याने अर्धामुर्धा मफलर मांडीवर घेतला. "एवढी मेहनत गळ्यात घालायच्या मफलरावर केली असतीस, तर एखाद्याच्या गळ्यात तरी पडली असतीस," म्हणाली आणि बोटं फिरवू लागली.

"हा आपला खड्डा. अजून बुजवला नाय मेल्यांनी? हा स्टँड... चल रे बाबा, किती वेळ!"

उंचवट्यावर ती खुर्चीतल्या खुर्चीत उडाली. मनाली हसली. जाळीवर आत्याने पदर नाकाला लावला. खोलीत केमिकलचा वास आला. मनाली खिडकी बंद करायला उठली. खिडकी बंदच होती.

आत्या इतकी खुशीत होती की मनालीने त्यावर फार विचार केला नाही. माणूस दोन वर्षांनी हसत असेल तर वास चालवून घेतला पाहिजे. आठवडाभरात उरलेला रस्ता विणून तिने शेवटचे टाके बंद केले.

दुसऱ्या रविवारी आत्याची बोटं शेवटच्या काठाला पोचली आणि थांबली.

"पोचलीस?" मनालीने स्वयंपाकघरातून विचारलं.

मग हात पुसत बाहेर आली.

श्वास चालू होता. डोळे उघडे होते, पण ते तसेही उघडेच असायचे. मनालीने हाक मारली, गाल थोपटले, नाकाशी कांदा धरला. आत्या जागची हलली नाही. फक्त तिच्या पदरातून निळे बारीक धागे जमिनीवर पडत होते. एक. मग एक. जीन्सचे. कापलेले.

मनालीने तिची बोटं धरून मफलरावरून मागे ओढून पाहिली. बोटं टाक्यांत अडकत होती. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तशी लोकर विरोध करत होती.

मग तिच्या लक्षात आलं. तिने फक्त जातानाचा रस्ता विणला होता. येताना ती झोपायची. रोज. बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून. त्या रस्त्याने ती चार वर्षं घरी येत होती आणि तिने तो एकदाही पाहिला नव्हता.

तिने सुया घेतल्या. शेवटच्या काठावरून टाके उचलले. आत्याची बोटं तशीच काठावर, शेजारी तिची.

डोळे मिटले, आणि झोपेत जे कळायचं ते विणत गेली. इंजिनाची घरघर, सरळ सुलट ओळी. मान डुलते, तिथे सैल टाका. आणि दोन्ही बाजूंना टेकलेले दोन खांदे. ते कोणाचे, हे तिने कधी डोळे उघडून बघितलं नव्हतं. तिने दोन्ही काठ जाड केले.

आत्याची बोटं हलली.

ती विणत राहिली. बोटं मागून येत राहिली.

पाच वाजता तिने शेवटचा टाका बंद केला.

"आले बाई," आत्या म्हणाली.

मनालीने तिला इतकी घट्ट मिठी मारली की खुर्ची कुरकुरली. "कुठे गेली होतीस गं?"

"कामाला. रडतेस काय? चहा टाक. तीन कप."

"तीन?"

"शेअरची होती. दोघी माझ्या दोन्ही अंगाला होत्या. त्याही वर आल्यात."

"कोण दोघी?"

"मला कुठे दिसतंय? खांदे गार होते, एवढं कळलं."

मनाली दारापर्यंत गेली. उंबऱ्याबाहेर आत्याच्या चपला होत्या, दोन वर्षं न घातलेल्या, आता धुळीने भरलेल्या. त्यांच्या शेजारी बायकांच्या चपलांचे आणखी दोन जोड. दोन्ही ओले.

"मनू," आत्या मागून हळूच म्हणाली, "त्यांना परत जायचंय गं. पण एक सीट कमी पडतेय म्हणतात."

गल्ली गटारासाठी महिनाभर खणलेली. तिथे सायकलही येत नव्हती. तरी खालून आवाज आला, "एक सीट, एक सीट!"

आवाज जयदेवचा नव्हता.

मनालीने उंबऱ्याशी, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिच्या स्वतःच्या चपला ती नेहमी भिंतीकडे तोंड करून काढायची. कुणीतरी त्या नीट जोडून, जिन्याकडे वळवून ठेवल्या होत्या.