चित्रातली बाई कुणाकडे बघते

उत्तराबाई त्या सकाळी घाटावर निघाल्या त्या नुसत्या तोंड दाखवायला. गंगाधर मास्तरांचा दहावा होता. हात जोडायचे, येताना कोथिंबिरीची जुडी घ्यायची, एवढंच मनात. पिशवी काखेत होतीच.

मास्तर त्यांच्याच गल्लीतले, पंचवटीतले. शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरी संपली आणि त्यांनी मुरलीधराच्या देवळाच्या ओट्यावर दर रविवारी बोलायला सुरुवात केली. भाषण नव्हे हं, गप्पाच. भिंतीला पांढरी चादर लावायची, यंत्रातून तिच्यावर चित्र पाडायचं आणि खुर्चीत बसून सांगत सुटायचं. हे देऊळ कुणी रंगवलं, हा हत्ती असा वेडावाकडा का, या राणीच्या नाकात नथ आहे पण पायात जोडवी का नाहीत. तेव्हा घरोघरी टीव्ही आलेला. तरी लोक टीव्ही बंद करून ओट्यावर यायचे.

उत्तराबाईही बोलायच्या. मास्तर गावाला गेले की त्यांची पाळी. मुलींच्या शाळेत आयुष्य घालवलेली बाई, खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केलेल्या. चांगलं बोलायच्या, खोटं कशाला सांगू? पण त्या बोलत असल्या की बायका मांडीवर मेथी निवडत बसायच्या. मास्तर बोलायला लागले की तीच मेथी तशीच राहायची, देठ बोटांत धरलेला. उत्तराबाई सतरंजीच्या कडेला बसून ती थांबलेली बोटं बघायच्या, आणि आपल्या वेळी न थांबलेली आठवायच्या.

शेवटच्या रविवारी मास्तरांनी एक चित्र दाखवलं होतं. गोदाकाठच्या कुठल्याशा जुन्या देवळाच्या छतातलं. एक बाई केस विंचरतेय, समोर आरसा आहे, पण ती आरशात बघत नाही. मान वळवून भलतीकडेच बघतेय. मास्तर हसले आणि म्हणाले, "कुणाकडे बघते, ते पुढच्या रविवारी." पुढचा रविवार त्यांना लाभला नाही.

तर घाटावर पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. दगडी भिंतीवर बसून नुसता बघत होता.

"आईला सांभाळीन, बाबा," मुलगा गौरांग म्हणाला.

कावळा हलेना.

"मृण्मयीचं लग्न थाटात लावीन," त्यानं बहिणीचं नाव घेतलं.

कावळ्यानं मान खाजवली. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, "मनात काही राहिलं असेल त्यांच्या. आठवा बरं."

मागून सिंधुबाई बोलली. मखमलाबादेहून फुलं घेऊन येणारी, ओट्यावरची पहिल्या रांगेतली बाई. "आवो, ते चित्र ऱ्हायलं ना! ती बाई कुनाकडं बघती ते सांगायचं ऱ्हायलं मास्तरांचं."

सगळ्यांच्या माना उत्तराबाईंकडे वळल्या. बोलणारं दुसरं होतं कोण?

उत्तराबाईंना ठाऊक नव्हतं ती बाई कुणाकडे बघते ते. पण ओटा आता आपला, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांनी हात जोडले. "मास्तर, तुमचं राहिलेलं मी पुरं करीन. तुमच्या खुर्चीवर बसून सांगीन."

कावळा भिंतीवरून सरळ पिंडावर आला.

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. उत्तराबाईंच्या मनात मात्र चरचरलं. मेल्यावरही ह्यांचंच कौतुक. कावळासुद्धा ह्यांचाच श्रोता!

रविवारी गौरांग यंत्र घेऊन आला. "काकू, चादर लावू ना?"

"नको रे. यंत्रही नको."

"पण काकू, घाटावर तुम्ही शब्द..."

"शब्द कळतो मला. तू बस."

शब्द पाळायचा नव्हताच त्यांना. आज ओव्याच सांगायच्या, असं घरून ठरवून आल्या होत्या. मास्तरांच्या खुर्चीत त्या बसल्या. दिवेलागणीची वेळ, देवळातली समई नुकतीच लावलेली. ओटा गच्च भरलेला.

त्यांनी पहिली ओवी म्हटली, आणि बघतात तर काय, सिंधुबाईच्या हातातला गजरा अर्धा ओवलेला थांबला. शेजारणीची मेथी थांबली. कुणी खोकेना, कुणी चहाला उठेना. उत्तराबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आवाज खुलला. इतकी वर्षं हेच तर हवं होतं.

मग लोक हसले.

हसण्यासारखं त्या काही बोलल्या नव्हत्या. पोर गेलेल्या आईची ओवी होती ती. त्यांना वाटलं, कुणी मागे काही बोललं असेल. पुढे गेल्या. थोड्या वेळानं पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली, "वा वा" म्हणाला. तेव्हा उत्तराबाई नुसत्या पाणी पीत होत्या.

तांब्या खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे होते, पण त्यांच्यावर नव्हते. थोडे वर, खांद्याच्या मागे... जिथे चादर लागायची त्या भिंतीवर. आणि तपकिरीचा वास येत होता. गल्लीत तपकीर ओढणारे मास्तर एकटेच होते.

उत्तराबाईंनी आवाज चढवला. कुणाची नजर ढळली नाही. मग त्या ओवीच्या मध्येच थांबल्या. मुद्दाम. तोंड घट्ट मिटून बसल्या.

कुणाला कळलंच नाही.

माना डोलत राहिल्या. कुणी चुकचुकलं, कुणी पदर डोळ्याला लावला. ओट्यावर एक शब्द नव्हता, समईची वात तेवढी फुरफुरत होती, आणि सगळी माणसं ऐकत होती.

"अहो..." उत्तराबाई कशाबशा म्हणाल्या. "अहो, मी थांबलेय..."

"श्श," सिंधुबाईनं बोट ओठावर ठेवलं. नजर भिंतीवरून न काढता. "ऐकू द्या ना..."

उत्तराबाईंनी मागे वळून पाहिलं. चुन्याची कोरी भिंत. त्यांची स्वतःची सावली.

मग टाळ्या झाल्या. लोक उठून पाया पडायला आले. "शब्द पाळलात बाई," म्हातारा म्हणाला. "काय सांगितलंत! जन्मात विसरणार नाही." गौरांगचे डोळे लाल झाले होते. "काकू, बाबांनासुद्धा असं जमलं नसतं."

हे ऐकायला त्यांनी उभा जन्म वाट बघितली होती. आता घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी त्या सिंधुबाईच्या फुलांपाशी गेल्या. शेवंती निवडल्यासारखं केलं आणि हळूच विचारलं, "काल मी काय सांगितलं गं?"

"आता मलाच इचारता? ती बाई कुनाकडं बघती ते."

"कुणाकडे?"

सिंधुबाई खळखळून हसली. "जावा तिकडं! म्हातारीची थट्टा करता व्हय? तुम्हीच रडवलं आमाला."

म्हाताऱ्याला विचारलं, गौरांगला विचारलं. जो तो हसला, थट्टा समजला. आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पाणी भरायला येणाऱ्या बाईला ठाऊक होतं. एकट्या उत्तराबाईंनाच नव्हतं. त्यांची जेवणावरची वासना उडाली. भीतीपेक्षाही ते जास्त सलत होतं, की ह्या भाजी निवडणाऱ्या बायकांनी ऐकलं, आणि आपल्याला तेवढं वगळलं.

पुढच्या रविवारी त्यांनी ठरवलं, आज खुर्चीत बसायचंच नाही. खाली लोकांत बसायचं. जे काय आहे ते ह्या कानांनी ऐकायचं.

मुद्दाम उशिरा निघाल्या. आपण नसलो तर लोक खोळंबतील, शोधत घरी येतील, अशी कुठेतरी आशा होती. गल्लीच्या तोंडाशी आल्या तर ओटा ओसंडून वाहत होता. पायऱ्यांवर माणसं, रस्त्यावर माणसं. आणि सगळे ऐकत होते.

खुर्ची रिकामी होती.

उत्तराबाई वाट काढत पुढे आल्या. कुणी "या बाई" म्हटलं नाही, कुणी मान वर केली नाही. सिंधुबाईच्या शेजारी त्या सतरंजीवर टेकल्या आणि कान टवकारले. काही नाही. लांब गोदेवर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढंच.

ओटा एकदम हसला. सिंधुबाई हसता हसता डोळे पुसायला लागली.

"सिंधुबाई..." उत्तराबाईंनी तिचा दंड धरला. "सिंधुबाई, कोण बोलतंय गं...?"

सिंधुबाईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं, पण मायेनं. आणि जागा करून देत जरा सरकली.

"नवीन दिसता मावशी," ती कुजबुजली. "बसा, बसा... उत्तराबाई बोलून ऱ्हायल्या."