झाकलेली वाटी

खाणींच्या फ्रेस्नियो गावात, वरच्या आळीत पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येतो. त्या दिवशी रांगेत प्रत्येकाच्या दोन्ही हातांत बादल्या असतात. एल्विराच्या मात्र एकाच हातात होती. दुसरा हात तिने स्वेटरच्या आत, छातीशी धरला होता.

"हात मोडलाय का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही."

"मग स्वेटर कसं हलतंय?"

तिने वळून पाहिलं. धुळीने माखलेलं जॅकेट, आणि डोळे असे... की खोटं बोलायचं मनात असूनही जमू नये.

"साप आहे," ती म्हणाली.

हे ऐकलं की माणसं चार पावलं मागे सरतात. हा एक पाऊल पुढे आला. "बघू? मी रोहेलियो. गुरांचा डॉक्टर आहे, पण जीव सापांवर."

पेन्सिलीएवढी सापीण बाहेर आली. तिचं नाव कानेला. केशरी, जेमतेम पाच महिन्यांची. डोळे खोल गेलेले, अंगावर सुरकुत्या, पाठीला जुनी कात तुकड्या-तुकड्यांनी चिकटलेली. त्याने तिची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली. घडी तशीच राहिली.

"तहानलीये ही. खायला काय दिलंत?"

"उंदराचं पिल्लू. ओकली. मला वाटलं थंडीने असेल, म्हणून अंगाशी धरली. आज कात सोलून काढणार होते."

"सोलू नका, खालची कातडी निघेल. आणि जेवण आत्ता नाही. आधी पाणी."

कानेला नासारियोची होती. हा एल्विराचा धाकटा भाऊ; जानेवारीत खाणीत उतरला तो परत वर आलाच नाही. त्या दिवसापासून आईने त्याच्या खोलीत पाऊल टाकलेलं एल्विराला दिसलं नव्हतं. त्याच्यामागे त्या घरात त्याचं असं जिवंत एवढंच उरलं होतं – आणि तेही एल्विराच्या हातून निसटत होतं.

दुपारी रोहेलियो घरी आला. नासारियोच्या खोलीत कानेलाची काचेची पेटी होती; उबेचा दिवा त्याने पेटीपासून लांब सरकवला, ओलं शेवाळ घातलेला डबा आत ठेवला, कानेलाला बुडायला पुरेल एवढी मोठी पाण्याची वाटी मागून आत ठेवली. मग एका टोपात बोटभर पाणी ओतलं.

"बोट घाला. कसं वाटतंय?"

"काहीच नाही."

"बरोबर. गरम नाही, गार नाही, इतकंच कोमट हवं. वीस मिनिटं बसू द्या तिला. नजर हलवायची नाही."

"मग तुम्ही माझ्याकडे का बघताय?"

"एक डोळा तिच्यावर आहे."

कितीतरी आठवड्यांनी ती हसली... आणि लगेच तिला स्वतःचाच राग आला.

तो रोज येऊ लागला. "वाटेतच होतं," म्हणायचा. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, हे तिने चौकशी करून ठेवलं होतं. अंघोळीनंतर कानेलाला तरतरी यायची, आणि सकाळी पुन्हा त्याच सुरकुत्या.

"पाणी पीत नाही का ही? हे साप रात्रीच पितात," चौथ्या दिवशी तो म्हणाला. "उद्याही अशीच राहिली तर सुई टोचून पाणी भरावं लागेल. एवढ्याशा जिवाला... खात्री नाही देत." मग खाली बघत, "परवा मी बेराक्रूसला चाललोय. तिकडे नोकरी लागलीये."

एल्विराने कानेलाला उचलून पेटीत ठेवलं.

त्या रात्री झोप कसली येते. पहाटे ती कानेलाला बघायला खोलीत गेली आणि दारातच थबकली. नासारियोच्या पलंगावर आई मुटकुळं करून झोपली होती. पेटीतल्या पाण्याच्या वाटीवर बशी झाकलेली होती.

"आई... ही बशी तू ठेवलीस?"

आई दचकून उठली. "उघडं पाणी ठेवतात का? धूळ पडते. तू उठायच्या आत रोज काढते मी. आज डोळा लागला."

"रोज? रोज येतेस इथे?"

"तू झोपलीस की येते," आई पुटपुटली. "त्याचा पेलाही मीच झाकायचे."

एल्विराने बशी उचलली. रागवायला गेली आणि आईच्या कुशीत पडून रडली.

ते ऐकून रोहेलियोने सुई परत पिशवीत ठेवली. त्या रात्री वाटी उघडी राहिली. सकाळी तो सामान घेऊनच आला, तर कानेला अख्खी वाटीत शिरून बसली होती. गळा संथपणे हलत होता. कात पायमोज्यासारखी निघून काठाला लोंबत होती.

आईने तिघांसाठी कॉफी आणली.

"तिकडे पाऊसच पाऊस आहे," तो म्हणाला. "चल माझ्याबरोबर."

"आईला इथे टाकून?"

"नाही जमणार, माहितीये." तो कानेलाकडे बघत राहिला. "पण न विचारता गेलो असतो तर जन्मभर टोचलं असतं. एल्विरा, मला तू आवडतेस."

"मलाही," ती म्हणाली. "म्हणूनच तर इतकं वाईट वाटतंय."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. तो उठला. अर्धी कॉफी तशीच राहिली. दाराशी वळून त्याने पाहिलं – एल्विरा त्याच्या कपावर बशी झाकत होती.