‘वर’ म्हणजे कुठे?

आभाळातून गरुड येत असताना वानरांची टोळी खाली उतरायचं सोडून शेंड्यावर का चढली? पोरांनो, हे कोडं घातलं मीच, आणि नको त्या वेळी घातलं.

त्या सकाळी बुटक्याला टोळीत परत सोडायचं होतं. बुटका म्हणजे वानराचं चार महिन्यांचं पिल्लू. फांदीसकट पडून त्याचा हात मोडला, तेव्हा टेकडीवरच्या आमच्या प्राणी-केंद्रात मी आणि माझी नात चैतू यांनी त्याला तीन आठवडे सांभाळलं. टोळीनं त्याला घेतलं नाही, तर अकराच्या गाडीनं शहरातल्या पिंजऱ्यात रवानगी.

“आजी, किती वाजले?”

“दहा. आता पुन्हा विचारलंस तर पिंजऱ्यात तुलाच बसवीन.”

तरी चैतूचे पाय थांबेनात. माझ्याही पदराच्या टोकाची वळून वळून वात झाली होती.

शांत होता तो फक्त कानू, आमचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). दोन वर्षं ऐकून ऐकून त्यानं या टोळीच्या धोक्याच्या हाका (शत्रू दिसताच इतरांना सावध करणारे आवाज) वेगळ्या ओळखल्या होत्या. आणि त्या हुबेहूब काढायलाही तो शिकला होता.

“बिबट्याची एक हाक, गरुडाची दुसरी,” तो सांगायचा. “बिबट्या झाडावर चढतो, पण शेंड्याच्या बारीक फांद्यांना त्याचं वजन पेलत नाही. म्हणून टोळी वर जाते. गरुडाला पंख पसरायला मोकळी जागा लागते. म्हणून तो दिसला की टोळी शेंडा सोडून खाली, दाट पानांत शिरते.”

बुटक्याला आम्ही उंबराच्या खालच्या फांदीवर ठेवलं. तीन फांद्या वर त्याची आई बसली होती. बघत होती, पण हलत नव्हती. बुटका एक फांदी चढला. दुसरी चढला. एवढ्यात गवतावरून एक मोठी सावली सरकली. मी मान वर केली. गरुड.

“कानू, वर! वर!” मी ओरडले.

कानूनं तत्काळ हाक दिली. बिबट्याची. अख्खी टोळी सरसर शेंड्याकडे धावली, आणि बुटका सगळ्यांत मागे, एका उघड्या वाळक्या फांदीवर.

“हे काय केलंस, ठोंब्या?”

“आक्का, तुम्हीच ‘वर’ म्हणालात. वर पाठवणारी हाक हीच.”

“वर बघ, असं म्हणायचं होतं मला!”

गरुडानं पंख आवळले. तेवढ्यात फाटक्या कानाच्या एका म्हाताऱ्या वानरीनं आभाळाकडे पाहिलं आणि वेगळाच, तुटक, खरखरीत आवाज काढला. टोळी दगडासारखी खाली कोसळली. बुटक्याच्या आईनं जाता जाता त्याला पोटाशी ओढलं आणि ती पानांत दिसेनाशी झाली. मोठा नर मात्र वरच थांबला. दात विचकून फांदी गदागदा हलवू लागला. गरुड एक गिरकी मारून दरीकडे निघून गेला.

“एवढ्यानं पळाला?” चैतूनं विचारलं.

“त्याचं बळ न दिसता येण्यात आहे,” कानू म्हणाला. “सगळ्यांनी पाहिल्यावर झडप सहसा वाया जाते. आक्का, चूक माझी का?”

“निम्मी,” मी म्हटलं. एवढं कबूल करायलाही मला घोटभर पाणी प्यावं लागलं. “आमचा ‘वर’ दोन तोंडांचा. शत्रू वर आहे, तेही वर. तू वर जा, तेही वर.”

“पण वानरांच्या एकाच हाकेत दोन्ही कळतं,” चैतू म्हणाली. “शत्रू वर, आणि आपण खाली.”

“अशा हाकेला शब्द म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद आहेत,” कानू म्हणाला.

“घालू देत वाद,” मी म्हटलं. “म्हातारीचं टोळीला समजलं ना?”

अकराला गाडी आली. चालकानं विचारलं, “पिल्लू कुठं आहे?”

‘वर’ म्हणता म्हणता मी जीभ आवरली. “उंबरात. तिसऱ्या फांदीवर. आईच्या पोटाशी. पिंजरा रिकामाच घेऊन जा.”

पानांतून एक बारीक, गुरगुरल्यासारखा आवाज आला. आई बुटक्याशी काहीतरी बोलत होती.

“हा आवाज माझ्या यादीत नाही,” कानू म्हणाला.

चैतू वही घेऊन उंबराखाली बसली. सकाळपासून पहिल्यांदा तिचे पाय थांबले होते.