चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा

कारखान्यात कसलं आलंय भूत, असं सुजितही म्हणायचा. चाकणच्या त्या शेडमध्ये दिवसभर कानठळ्या बसवणारा खडखडाट; तिथं भुताला तरी चैन पडेल का! पण त्या दुपारी जेवणाची सुट्टी होती, बाकीची मशिनं गप्प होती आणि त्याचा जोडीदार मुबीन पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसच्या पोटात डाय, म्हणजे साचा, पुसायला उतरला होता.

प्रेस इटलीची. ती बसवायला पार्मा गावचा सिल्व्हानो नावाचा म्हातारा आला आणि वर्षभर इथंच रमला. त्यानं दोघांना एक रीत घालून दिली होती. आत उतरेल त्यानं गात राहायचं, बाहेरच्यानं बटणापाशी उभं राहायचं. गाणं चालू आहे तोवर बटणाला बोट लावायचं नाही. गाणंही त्याच्याच मुलखातलं.

रविवारी म्हातारा चिखलीला मुबीनच्या खोलीवर यायचा. मुबीनच्या बायकोच्या, परवीनच्या हातचा खिमा चापायचा आणि लॅपटॉपवर जुने इटालियन सिनेमे लावायचा. "आमच्याकडं आवाज मागाहून भरायचे," तो सांगायचा. "चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा!" व्हेर्दीचं नाव काढताना तो छातीवर हात ठेवायचा. त्यांच्याच भागातला केवढा मोठा संगीतकार! तो मरणाला टेकला, तेव्हा घोडागाड्यांचा आवाज होऊ नये म्हणून लोकांनी रस्त्यावर पेंढा पसरला होता म्हणे. पण गायकाचा वरचा सूर फाटला, तर पार्मातली माणसं त्याला शिट्ट्या मारून हाकलून देत. मुबीनचा तो सूर हमखास फाटायचा. म्हातारा बोट उगारायचा, "असल्या गळ्याला आमच्या गावात माफी नाही!" आणि सगळे खो खो हसायचे.

गेल्या महिन्यात पार्माहून निरोप आला, सिल्व्हानो गेला. मुबीन लहान पोरासारखा रडला होता.

आज सकाळीच तो परवीनला भोसरीच्या दवाखान्यात सासूपाशी सोडून आला होता. दिवस भरले होते. "फोन आला की हाक मार, भावा," आत उतरताना तो म्हणाला. "लेकराच्या कानात अजान मीच देणार. पहिला आवाज बापाचाच पडला पाहिजे."

आतून गाणं येत होतं. वरचा सूर आला, फाटला... आणि गाणं थांबलं.

"मुबीन?... निघालास का रे?"

सुजितनं प्रेसच्या तोंडाशी कान नेला. तेल आणि लोखंडाच्या त्या शेडमध्ये कुठून तरी ओल्या पेंढ्याचा वास येऊ लागला होता.

मग गाणं पुन्हा सुरू झालं. सुजितनं हुश्श केलं. पण या खेपेला वरचा सूर लागला. स्वच्छ, भरदार. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मुबीनला तो सूर जन्मात लागला नव्हता.

तेवढ्यात मुबीन बाहेर आला. धडधाकट. "जीव काढलास की माझा!" म्हणत सुजितनं त्याला मिठीच मारली. खिशात फोन वाजला.

"सुजितभाऊ, मुलगी झाली!" परवीन हसत-रडत बोलत होती. "ह्यांना द्या ना. तिला आवाज ऐकवते."

सुजितनं फोन मुबीनपुढं धरला. मुबीनचे ओठ हलले. आवाज मागाहून आला, जरासा उशिरा. जाडसर, म्हातारा.

"परवीन..."

पलीकडून परवीन हळूच म्हणाली, "हे कोण आहे?... सुजितभाऊ, ह्यांना द्या ना फोन..."

मुबीननं दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अरे, सुट्टी संपली!" सुपरवायझर निरंजन तरातरा आला. "दोघंही बाहेर आहात ना? मग चालू करा की राव! सरक, मीच दाबतो."

त्यानं बटणाकडे हात नेला. आणि आत, डायच्या खालून, बारीक आवाजात कुणीतरी गाऊ लागलं. वरचा सूर आला, आणि फाटला.