लाल गोट्यांची ओळ

सकाळचा चहा अजून कपातच होता, तेवढ्यात रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या त्या अरुंद जिन्यावर कुणाच्या तरी चपला थबकल्या. वर जावं की परत फिरावं, ते चपलांनाही ठरवता येत नसावं.

"या भैया, वर या," कौमुदी नगराळे आतूनच म्हणाली.

श्यामरावांनी पेपर बाजूला ठेवला. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते भाचीच्या या खाजगी तपासाच्या कचेरीत रोज येऊन बसत. चहा तिचा आणि मतं त्यांची, अशी वाटणी होती. मतं बहुतेक चुकत. चहा कधी चुकला नव्हता.

आत आला तो खाकी सदऱ्यातला, पिकल्या मिशांचा माणूस. भैय्यालाल. रायपूर राजधानी झाल्यावर शहराबाहेरच्या तेंदूडोंगरीवर सरकारनं वनउद्यान केलं होतं. साल-तेंदूच्या जंगलातून फिरणाऱ्यांसाठी पायवाटा काढल्या होत्या. त्या वाटांचा हा रोजंदारी रखवालदार.

"दीदी, मैं ह पथरा लगाए रेहेंव," तो म्हणाला. "कोनो नई मानत हें." दगड त्यानं लावले होते, पण कुणी मानत नव्हतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. डोंगरावर एक दुफाटा होता. डावी वाट बंजारीमाय या देवीच्या ठाण्यावरून खाली तळ्याकडे जाई, उजवी जुन्या दगडखदानीच्या कड्यावर. खदानीची वाट बंद करायची म्हणून उद्यानाच्या साहेबांनी हुकूम केला : वाटेवर आडवी दगडांची ओळ लाव, आणि लाल रंगव. भैय्यालालनं शनिवारी खदानीतून दगड आणले, गेरूनं रंगवले, ओळ लावली. रविवारी शंकर नगरच्या मराठी भ्रमण मंडळाची माणसं आली. धुकं होतं. मागं राहिलेले अनंतराव थेट खदानीच्या वाटेनं गेले आणि कड्यावरून घसरले. झुडपात अडकले म्हणून जीव वाचला. पाय मोडला.

आणि दुफाट्यावर दगडांची ओळ नव्हती.

"मंडळाचे सेक्रेटरी साहेबांले म्हणाले, रखवालदारानं ओळ लावलीच नाही," कौमुदीनं मामांना समजावलं. "उद्या साहेब येऊन याले काढून टाकणार. नोकरी गेली की फाटकापाशची खोलीही गेली."

"मैं लबारी नई मारत हंव, दीदी," भैय्यालाल म्हणाला. खोटं बोलत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ते त्यानं एकदाच सांगितलं.

दुपारी दोघं डोंगरावर पोहोचली. वाट श्यामरावांना आवडली. अंगणासारखी झाडलेली, लाल मुरमाची.

"पायाले एक खडा लागून नाही राहिला," ते कौतुकानं म्हणाले.

"रोज झाड़ता हूँ, साहब. शहर के लोग हैं, पैर मुड़ता है उनका," भैय्यालाल म्हणाला.

दुफाट्यावर त्यानं अपघातानंतर पुन्हा ओळ लावली होती. कोनेदार, फुटक्या दगडांची लालेलाल ओळ. श्यामरावांनी चपला काढल्या, वाकून हात जोडले आणि पुढं निघाले.

"मामा, हात काहून जोडले?"

"अं? लाल गोटा दिसला, जोडले. तुह्या बापाचं काय गेलं?"

"काही नाही." पण कौमुदी तिथंच क्षणभर उभी राहिली.

थोडं पुढं बंजारीमायचं ठाणं होतं. देऊळ नाही, नुसता गोट्यांचा ढीग. घाटातून जाणाऱ्यानं मायला एक गोटा वाहायचा, ही जुनी रीत. तेल-शेंदूर लावलेले गोटे उन्हात चकाकत होते. श्यामरावांनी इकडं तिकडं पाहिलं, वाटेच्या कडेला पायानं चाचपलं, शेवटी नुसतेच हात जोडले.

"खाली हातानं आलो बुवा," ते पुटपुटले. "बरं नाही वाटत."

कौमुदीनं ढिगातल्या वरच्या एका गोट्यावरून बोट फिरवलं, बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल घडी करून ठेवला.

मग चौकशी सुरू झाली. पहिला हिरालाल. त्याची चहाची टपरी खदानीच्या वाटेवर होती आणि वाट बंद झाली की गिऱ्हाईक तुटणार होतं.

"गुस्सा तो है, दीदी," त्यानं सरळ कबूल केलं. "मगर पत्थर मैंने नहीं हटाए. शाम को घर गया तब लाइन लगी थी. अपनी आँख से देखी."

"हाच तो," टपरीपासून दूर आल्यावर श्यामराव म्हणाले. "ह्याचाच फायदा आहे."

"मग लाइन पाहिली म्हणून काहून सांगते? नव्हतीच म्हटलं असतं तर भैय्यालालवर गेलं असतं. हा मोकळा."

श्यामरावांनी यावर मिशी चावली.

शंकर नगरात मंडळाचे सेक्रेटरी अच्युतराव भेटले. इस्त्रीचा सदरा, गळ्यात शिटी. घरातही शिटी.

"मी सगळ्यात पुढं होतो. नेहमीच असतो," ते म्हणाले. "दुफाट्यावर एकही दगड नव्हता. मी स्वतः पाहिलं. असा माणूस नोकरीत ठेवून कोणाचा जीव घ्यायचा आहे का?"

"मग तुम्ही थांबून मागच्यांना वाट दाखवली नाही?"

"मला वाट पाठ आहे. वाटलं, त्यांनाही असेल."

गोदावरीबाई रविवारी अच्युतरावांच्या मागोमाग चालल्या होत्या. त्यांनी आधी दोघांपुढं चिवडा ठेवला.

"होती ना ओळ. चांगली होती," त्या म्हणाल्या. "मग मायच्या पाया पडलो, गोटा वाहिला, खाली तळ्यावर पोहे खाल्ले. पोहे खाऊन होत नाही तं अनंतभाऊ नाही म्हणून कल्ला झाला. माह्या तं हातापायातला जीवच गेला, बाई."

कॉलेजात शिकणारी चेतना रांगेच्या शेपटाकडे होती. मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत.

"लाइन-वाइन नहीं थी, दीदी. दो-तीन लाल पत्थर पड़े थे बस. मेरे पीछे दो-तीन लोग ही थे, सबसे आखिर में अनंत काका, चिड़िया देखते हुए."

शेवटी इस्पितळ. अनंतरावांचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता.

"एक गोटा नव्हता," ते म्हणाले. "मी आंधळा नाही. पायानं लंगडा झालो, तो आत्ता."

रिक्षात श्यामरावांचं डोकं भणाणलं. "एक म्हणते ओळ होती, एक म्हणते दोन-तीन, दोघं म्हणतात काहीच नाही. चौघांतले तिघं तरी खोटे."

"नाही मामा. तिघं खरे आहेत," कौमुदी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनउद्यानाच्या कचेरीच्या ओसरीवर सगळे जमले. साहेब खुर्चीवर, मंडळी बाकावर. भैय्यालाल खांबापाशी उभा. त्याच्या खोलीच्या दाराशी एक ट्रंक आधीच बांधून ठेवलेली श्यामरावांना दिसली आणि त्यांनी नजर वळवली.

"ओळ हिरालालनं संध्याकाळी पाहिली," कौमुदीनं सुरुवात केली. "सकाळी गोदावरीकाकूंनी पाहिली. म्हणजे भैय्यालालनं ती लावली होती. आता चालण्याचा क्रम बघा. काकू पुढं, त्यांना ओळ दिसली. चेतना मागं, तिला दोन-तीन गोटे दिसले. अनंतकाका शेवटी, त्यांना काहीच दिसलं नाही. माणसं पुढं जात होती आणि ओळ कमी होत होती."

"मतलब?" साहेबांनी विचारलं.

"काकू, मायले वाहिलेला गोटा कुठून घेतला?"

गोदावरीबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "अगं... तिथूनच."

"दुसरीकडे मिळणारच नव्हता. वाट झाडून लखलखीत. काल मामांनी शोधला, त्यांना खडाही मिळाला नाही." तिनं रुमाल उलगडला. "मायचे गोटे तेल-शेंदुराचे. बोटाला तेलकट लागतात. ढिगाच्या वरच्या गोट्याचा रंग कोरडा निघाला. गेरू आहे हा. आणि ते गोटे कोनेदार आहेत, खदानीचे. पंगतीतल्या पाटासारखे मांडलेले दिसले, प्रत्येकानं एकेक उचलला."

"मगर लाल रंग होता है रुकने का," साहेब म्हणाले.

"तुमच्या नियमात, साहेब. आमच्या मामांनी काल तीच ओळ पाहिली आणि चपला काढून हात जोडले. आमच्याकडे वाटेत लाल गोटा दिसला तर कोणी थांबत नाही, पाया पडते."

श्यामरावांचे कान गेरूसारखे झाले. चेतना हळूच म्हणाली, "मैंने भी एक उठाया था."

"चोरी कोणाचीच नाही," कौमुदी म्हणाली. "पण खोटं एकाचं आहे. सगळ्यांत पुढं असलेल्या माणसाला एकही गोटा दिसला नाही, आणि त्याच्या मागच्या काकूंना अख्खी ओळ दिसली. गोटे काही उगवत नाहीत."

अच्युतरावांचा हात शिटीकडे गेला आणि परत आला.

"अच्युतभाऊ, तुम्हीच तं म्हटलं," गोदावरीबाई सावकाश म्हणाल्या. "रखवालदारानं मायसाठी गोट्यांची सोय केली, एकेक घ्या म्हणून. पहिला तुम्हीच उचलला."

अच्युतराव बाकावरून उठले. "संध्याकाळी हात धुताना पाणी लाल झालं," ते म्हणाले. "तेव्हा कळलं, ते मायचे गोटे नव्हते. अनंतरावांना इस्पितळात टाकून आलो होतो. मी पुढारी. लोकांना काय सांगू? याचं नाव घेणं सोपं होतं."

साहेबांनी भैय्यालालला बसायला सांगितलं. तो बसला नाही. आधी जाऊन त्यानं ट्रंकेची दोरी सोडली.

"ढिगातले खदानीचे गोटे काढून पुन्हा ओळ लावू," अच्युतराव म्हणाले. "मी काढतो."

"नई साहब," भैय्यालाल म्हणाला. "चढ़ाया हुआ वापस नहीं लेते. नया लाना पड़ेगा."

मग नवे आणले. खदानीतून दुफाट्यापर्यंत पाटी डोक्यावर घेऊन अच्युतराव घामाघूम होईपर्यंत चढत होते, आणि शिटी खिशात होती. या वेळी भैय्यालालनं ओळीला चुना लावला, आणि बाजूला साध्या गोट्यांची एक रास घातली. मायसाठी.

संध्याकाळी इस्पितळात अनंतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मंडळानं गोटे वाहिले," ते म्हणाले, "आणि मी पाय."

पुढच्या रविवारी श्यामराव पुन्हा डोंगरावर गेले. राशीपाशी थांबले, एक गोटा उचलला आणि परत खाली ठेवला.

"भैय्यालाल, घेऊ ना रे हा?"

"ले लो साहब," भैय्यालाल म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या मिशा हलल्या. "ये वाला आपका ही है."