पंख न मिटणारा पाणकावळा

"काका, तो पाणकावळा अजून पंख वाळवतोच आहे," नशरा म्हणाली.

"वाळवू दे की. इस्त्री करून देतेस काय त्याला?" परेशकाका हसले.

हे काका हितेश-रंजिताचे, आणि ही बहीणभावंडं नशराची पनवेलच्या शाळेतली दोस्तमंडळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघं आपट्याला आली होती. सकाळी काकांच्या होडीतून पाताळगंगेवर पक्षी बघायला निघाली. खंड्या दिसला, बगळे दिसले, आणि मग होडी चिखलात रुतली. "आज भांग हाय, पानी कितीसं उतरनार?" म्हणत काकांनीच ती उथळ फाट्यात घातली होती. अष्टमीच्या भांगाला ओहोटीचा जोर नसतो हे खरं, पण चार माणसांची होडी टेकवायला तेवढीही पुरली.

बाकीच्या पाणकावळ्यांनी कधीच पंख मिटले होते. हा मात्र चिखलात रोवलेल्या एका खुंटाच्या पायथ्याशी तसाच बसलेला. एकदम त्याने धडपड केली, आणि चिखलातून जाळं वर आलं.

"अडकलाय तो," नशरा म्हणाली. "भरती आली की बुडेल."

पाणी त्याच्या डोक्यावरून गेल्याशिवाय होडीही तरंगणार नव्हती.

"मी उतरू?" नशराने विचारलं.

"नाय. कमरेपर्यंत रुतशील, मंग तुला कोन काढील? कुनीतरी जालं टाकून इसरलाय. आपन काय करनार?"

खरंच, काय करणार? एवढ्याशा अंतरावर एक जीव तडफडत होता आणि ते होडीत चिवड्याची पिशवी घेऊन बसले होते. नशराला रडू फुटलं. पक्ष्याचे पंख आता थरथरायला लागले होते.

रंजिताने दुर्बीण डोळ्यांना लावली ती खाली घेईचना. "हितेश, जाळं तरंगायला त्याला चपलेचे तुकडे बांधलेत. गुलाबी, पांढऱ्या फुलांचे. दिवाळीत काकांकडे हरवलेली माझी चप्पल आहे ती."

तिघांनी काकांकडे पाहिलं. काकांची मान खाली गेली.

"उद्या काढतो, परवा काढतो, करता करता रायलंच," ते पुटपुटले.

"मग होडीच्या तळाशी टाकलेल्या सुट्या फळ्या तरी काढून द्या," नशरा डोळे पुसत म्हणाली. "पालथी पडून सरकेन. सगळ्यात हलकी मीच आहे."

या वेळी काकांना नाही म्हणवेना. त्यांनी तिच्या कमरेला दोर बांधला आणि हातात कोयता दिला. एका फळीवर निजायचं, दुसरी पुढे ढकलायची, असं करत ती पोहोचली तेव्हा पाणी पक्ष्याच्या छातीला लागलं होतं. त्याने तिच्या मनगटाला चोच मारली. तिने ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली आणि एकेक धागा कापला.

काकांनी दोर ओढून तिला पक्ष्यासकट परत घेतलं. पक्षी होडीच्या टोकावर निपचित पडून राहिला. हात लावायची कोणाची हिंमत होईना.

भरतीने होडी उचलली. तसा तो उठला, पाण्यात पडला, आणि कसाबसा पलीकडच्या खुंटावर चढून बसला. त्याने पंख पसरले. चौघं बघत राहिली.

"पोरी, माझी चूक तू निस्तरलीस," काका हळूच म्हणाले. "जालं आत्ताच काढतो."

नशराचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने पाणकावळ्याने पंख मिटले, तेव्हा कुठे तिने ओढणी पिळली.